गिरणेची वाळू, समुद्राची पुळण: गाडी कुठे रुतते आणि का

खानदेशातल्या माणसाला वाळू नवी नाही. मेहुणबारे, भडगाव, कानळदा या पट्ट्यात उन्हाळ्यात गिरणेचं कोरडं पात्र ओलांडून पलीकडच्या शेतात जाणारे ट्रॅक्टर, मोटारसायकली, जीप आपण लहानपणापासून बघत आलो आहोत. पात्रात रुतलेली गाडी कशी काढायची यावर पारावरच्या प्रत्येकाचं मत असतं आणि बहुतेकांचं मत 'अजून रेस दे' एवढंच असतं. मग कधी तरी हाच माणूस नवी थार नाही तर जिम्नी घेतो, दिवाळीच्या सुट्टीत नवापूरवरून सुरतेकडे किंवा घाट उतरून कोकणात जातो, समोरची सपाट, ओली, चकचकीत पुळण बघतो आणि म्हणतो, "ही तर आपल्या गिरणेपेक्षा सोपी दिसते."

दिसते खरी. पण नदीच्या वाळूत गाडी कुठे न्यायची एवढंच कळावं लागतं, समुद्रावर किती वाजता न्यायची हेही कळावं लागतं. आणि दोन्हीकडे गाडी निघते ती इंजिनाच्या जोरापेक्षा टायरमधल्या हवेवर. हा लेख या दोन गोष्टींबद्दल आहे.

त्याआधी कायद्याचं बोलून घेऊ, कारण उत्साहात तेवढंच राहून जातं. आपल्या किनाऱ्यांवर गाडी थेट वाळूत उतरवायला बहुतेक ठिकाणी बंदी आहे. गर्दीच्या किनाऱ्यांवर जिल्हा प्रशासनाचे किंवा पोलिसांचे मनाईचे आदेश असतात, गोव्यात तर त्यासाठी कायदाच आहे. सुरतेच्या डुमसला आदेश मोडून खाली नेलेली महागडी गाडी चिखलात बसल्याचे व्हिडिओ अधूनमधून फिरतात. बघणाऱ्यांना करमणूक, मालकाला दंड आणि टोचनचा खर्च. देशात उघडपणे गाडी चालवता येते असा नावाजलेला किनारा म्हणजे केरळात कन्नूरजवळचा मुळप्पिलंगाड, सुमारे 4 किलोमीटर लांबीचा. तिथली वाळू घट्ट बसलेली आहे, त्यामुळे साध्या मोटारीही चालतात.

बंदीमागे नुसती गर्दी हे कारण नाही. कोकणात वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात येऊन अंडी घालतात. घरटं वाळूत हात-दीड हात खोल असतं आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. पिल्लं बाहेर पडून समुद्राकडे निघाली की चाकाने पाडलेली चाकोरी त्यांना ओलांडता येत नाही, ती त्या चरातच भरकटत राहतात. हे कासव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे इथे 'माहीत नव्हतं' चालत नाही.

मग हे सगळं शिकायचं कशाला? परवानगी काढून केलेल्या ड्राइव्ह असतात, खाजगी जागेतले ट्रॅक असतात, आपल्याकडची नदीपात्रं आहेत. शिवाय किनाऱ्यावर फसलेल्या गाड्यांमध्ये बऱ्याच अशा असतात की मालकाला वाळूत फिरायचं नव्हतंच. सुरूच्या बनात सावली बघून गाडी लावायला गेला आणि चाक बसलं.

वाळू भार कसा पेलते

कोरड्या वाळूचं वागणं समजून घ्यायला खळ्यावरची ज्वारीची रास आठवा. राशीवर पाय दिला की दाणे बाजूला सरकतात आणि पाय घोट्यापर्यंत आत जातो. दाण्याला दाणा धरून ठेवणारं काही नसतं, फक्त एकमेकांवरचं घर्षण. कोरड्या वाळूचंही तेच. वरून दाब आला की कण दबून घट्ट व्हायच्या ऐवजी कडेने निसटतात.

म्हणून प्रश्न गाडीच्या एकूण वजनाचा कमी आणि दर चौरस सेंटिमीटरला किती भार येतो याचा जास्त. हिशोब करून बघू. माणसं आणि सामान धरून गाडी 1800 किलोची म्हणा, एका चाकावर 450 किलो. टायरमध्ये नेहमीची बत्तीसची हवा असेल, म्हणजे 32 पीएसआय, तर तो दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो. 450 ला सव्वादोनने भागा: एक टायर जमिनीला टेकतो जेमतेम 200 चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका तळपायाएवढ्या जागेवर साडेचार क्विंटल! हवा निम्मी केली, 16 वर आणली, की तीच जागा दुप्पट होऊन 400 चौरस सेंटिमीटरच्या आसपास जाते. टायरच्या बाजूचा कडकपणा थोडा भार उचलतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा यापेक्षा जरा कमी भरतो, पण हिशोबाची दिशा हीच.

याच हिशोबातून एका जुन्या गैरसमजाचाही निकाल लागतो. 'मी चालून बघितलं, पाय रुतला नाही, गाडी आण.' चालताना 70 किलोच्या माणसाचा एका पायावरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम एक तृतीयांश किलो. बत्तीसच्या हवेवरची गाडी त्याच्या सहापट दाबते. चालून जरूर बघा, पण टाचेवर पूर्ण भार देऊन, टाच जोरात मारत. टाच बोटभर आत गेली तर हवा कमी करून विचार करता येईल. गप्पकन गेली तर परत फिरा.

दुसरी गोष्ट विरोधाची. डांबरी रस्त्यावर चाक फिरवायला गाडीच्या वजनाच्या एक-दीड टक्का जोर पुरतो. सैल वाळूत तोच आकडा वीस टक्क्यांवर किंवा त्याहून वर जाऊ शकतो, कारण चाक सतत आपल्यापुढे वाळूचा छोटा बांध तयार करतं आणि तोच चढत राहतं. वीस टक्के म्हणजे पाचास एक असा चढ. कन्नड घाटातला रस्तासुद्धा इतका उभा नाही. सपाट दिसणाऱ्या पुळणीवर इंजिन का घुसमटतं आणि तापमानाचा काटा का चढतो, त्याचं कारण हे. हवा कमी केली की चाक कमी बुडतं, पुढचा बांध लहान होतो आणि इंजिनाचं निम्मं काम वाचतं.

हवा काढ रे भाऊ

हवा कमी करायची म्हटलं की आपल्याकडचा चालक दचकतो. टायर खराब होईल, रिम लागेल, पंक्चरवाला कुठे शोधायचा? भीती अगदीच खोटी नाही, पण गाडी रुतवून क्लच जाळण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

1920-30 च्या दशकांत राल्फ बॅगनॉल्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी इंजिनियरने इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात फोर्डच्या साध्या गाड्या शेकडो मैल फिरवल्या. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, वगैरे काही नव्हतं, फक्त मागची चाकं ओढायची. त्याच्याकडे होत्या त्या मोजक्या युक्त्या: टायरमधली हवा कमी करणं, चाक रुतलं की खाली लोखंडी चॅनेल, म्हणजे पन्हाळीसारखे लांब पत्रे, सरकवणं आणि वाळूचा पोत बघून वाट निवडणं. आज हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या रिकव्हरी पट्ट्या म्हणजे त्याच चॅनेलची नातवंडं.

आकडे ढोबळ आहेत, गाडीचं वजन आणि टायर बघून बदलतात. ओल्या घट्ट पुळणीसाठी 20 ते 22 पुरतं. सैल वाळूसाठी 16 ते 18. रुतलीच तर बाहेर पडण्यापुरतं 14, फार तर 12. त्याखाली ट्यूबलेस टायरची कड रिमवरून निसटण्याचा धोका खरा असतो, विशेषतः वळताना. जिम्नीसारखी बाराशे किलोच्या घरातली गाडी 18 वर जिथून सहज जाते, तिथे माणसांनी आणि डिकीतल्या सामानाने भरलेली स्कॉर्पिओ 16 वरही कुरकुरते. म्हणून दुसऱ्याचा आकडा आपल्या गाडीला लावू नका.

हवा गरम टायरमधून काढताय की थंड, हेही बघा. धुळ्याहून सुरतेपर्यंत सव्वादोनशे किलोमीटर हायवेवर पळालेला टायर तापलेला असतो आणि काटा खऱ्यापेक्षा चार-पाच पीएसआय जास्त दाखवतो. तशा तापलेल्या टायरची हवा 16 वर आणली आणि मग ओल्या वाळूत फिरवून तो थंड झाला की आत तेरा-चौदाच उरते. पोचल्यावर चहा घ्या, गाडी सावलीत उभी राहू द्या, मग व्हॉल्व्हला हात घाला. आपल्या मे महिन्यात तर हे दुपटीने लागू. जळगाव-भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत उन्हात उभ्या गाडीचे उन्हाकडचे दोन टायर सावलीकडच्या दोघांपेक्षा जास्त दाखवतात, आणि माणूस काट्यालाच नावं ठेवतो.

कमी हवेवर गाडी चालवायची तर तीन पथ्यं. वेग ताशी तीस-चाळीसच्या वर नाही. झटक्यात वळण नाही, लांबून मोठं वर्तुळ घ्यायचं. आणि डांबरावर आल्यावर आधी हवा भरायची, मग चहा. कमी हवेचा टायर डांबरावर पळवला की त्याच्या बाजू सतत दुमडतात, आतून तापतात आणि फुटतात. त्यासाठी बारा व्होल्टचा पंप सोबत हवाच. स्वस्तातला पंप एका टायरला पाच-सात मिनिटं घेतो आणि दोन टायर झाले की इतका तापतो की त्याला थोडी विश्रांती द्यावी लागते. घाई असणाऱ्याने तेवढा वेळ आधीच धरावा.

ट्रॅक्टर नदीपात्रात सहसा का अडत नाही, याचंही अर्धं उत्तर इथेच आहे. त्याच्या मागच्या भल्यामोठ्या टायरमध्ये हवा मुळातच बारा-पंधराच्या घरात असते आणि टेकायला जागा भरपूर. वाळूची ट्रॉली गळ्यापर्यंत भरली की मात्र तोही बसतो, कारण ट्रॉलीच्या टायरमध्ये हवा दगडासारखी ठासलेली असते. ट्रॅक्टर जागेवर खणत राहतो, ट्रॉली हलत नाही. गिरणेकाठी हे बघायला फार शोधावं लागत नाही.

ओली वाळू: थोडं पाणी बरं, फार पाणी वाईट

ओलसर वाळू घट्ट का असते? दोन कणांमध्ये पाण्याचा बारीकसा थेंब अडकतो, त्याच्या पृष्ठभागाचा ताण दोन्ही कणांना एकमेकांकडे ओढतो. असे लाखो थेंब मिळून वाळूला चिकाटी देतात. पोरं ओल्या वाळूचे किल्ले करतात ते याच जोरावर. पण पाणी वाढत जाऊन कणांमधली सगळी पोकळी भरली की थेंबाचा पृष्ठभागच उरत नाही, ओढ संपते. अशा वाळूवर एकदम भार आला की तो कणांऐवजी पाण्यावर येतो आणि पाणी काही भार धरून ठेवत नाही. वाळू थरथरते, पातळ होते, चाक आत जातं.

हे डोळ्यांनी बघता येतं. लाट नुकतीच ओसरलेल्या घट्ट ओल्या वाळूवर पाय ठेवा. पायाभोवती वाळू क्षणभर कोरडी, फिकट पडते, जणू पाणी पळालं. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने 1885 मध्ये याचं कारण सांगितलं: घट्ट रचलेले कण दाबले की एकमेकांवर चढायला बघतात, मधल्या पोकळ्या मोठ्या होतात आणि वरचं पाणी त्या पोकळ्यांत उतरतं. ते फिकट वलय दिसलं तर वाळू घट्ट रचलेली आहे, चांगली खूण. त्याऐवजी पाय देताच भोवती पाणी वर आलं आणि वाळू लिबलिबली, तर कण सैल आहेत आणि खाली पाणी भरलं आहे. तिथे गाडी नको.

आता पुळणीकडे वरून खाली बघा. सगळ्यात वर, सुरूच्या झाडांजवळ, वाऱ्याने आणलेली कोरडी भुसभुशीत वाळू. गाड्या सगळ्यात जास्त इथेच बसतात, रस्त्यापासून पंचवीस पावलांवर. त्याखाली मागच्या भरतीने आणून टाकलेला कचरा, शिंपले, काटक्या यांची रेघ. त्या रेघेच्या खालचा ओलसर, दाबलेला पट्टा हा चालवण्याचा. आणि अगदी लाटेच्या तोंडाशी, जिथे वाळू आरशासारखी चमकते, ती पाण्याने भरलेली. व्हिडिओत पाणी उडवत जाणारी गाडी नेमकी इथून जाते. चालत्या गाडीला फारसं काही होत नाही, पण थांबली की प्रत्येक लाट चाकाखालची वाळू उकरून नेते आणि पाचव्या-सहाव्या लाटेला चाक निम्मं गेलेलं असतं.

ओहोळ समुद्राला मिळतो ती जागा, खाडीचं मुख, आणि वाळूतून गोडं पाणी पाझरून वर येतं ते पट्टे, हे सगळं टाळायचं. वरून साधे पाण्याचे चर दिसतात, आत वाळू सैल.

आपल्याला जवळचा समुद्र म्हणजे सुरतेचा, तापीच्या मुखाकडचा. तिथे आणखी एक गोम आहे. मुलताईला उगम पावून 724 किलोमीटर वाहणारी तापी आपल्या काळ्या रानातला गाळ वर्षानुवर्षं खाली नेत आली आहे, नर्मदाही त्याच खंभातच्या आखातात येते. त्यामुळे डुमस, हजिऱ्याकडे बऱ्याच ठिकाणी वर वाळूचा पापुद्रा आणि खाली मऊ गाळ. पापुद्रा फोडून चाक गाळात गेलं की वाळूचं कुठलंच शास्त्र चालत नाही. पावसाळ्यात काळ्या शेतात रुतलेली बैलगाडी ज्याने काढली आहे त्याला हा गाळ ओळखीचा वाटेल.

किती वाजता

गिरणेत पाणी सुटतं ते धरणातून आवर्तन सोडल्यावर. त्याची तारीख गावाला आधी कळते, वर्षातून मोजक्या वेळा. समुद्राचं आवर्तन दिवसातून दोनदा आणि कोणी दवंडी पिटत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर साधारण 24 तास 50 मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. एका भरतीपासून पुढच्या ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास.

घरात पंचांग किंवा भिंतीवर दिनदर्शिका असेल तर अर्धं काम झालं. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप वर येतं आणि खूप खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार कमी. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास असते आणि रोज पाऊण तासाने, थोडी अधिकच, पुढे सरकते. म्हणून कोळीवाड्यात तिथीची पाऊणपट करतात: पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार. म्हणजे भरती चारच्या आगेमागे, ओहोटी दहाच्या. हा अंदाज गप्पांपुरता ठीक. गाडी उतरवायची असेल तर त्या बंदराचं त्या दिवसाचं कोष्टक बघा, कारण आखातात वर जावं तशी भरतीची वेळ मागे पडते आणि उंची वाढते. भारतीय सर्वेक्षण विभाग अशी कोष्टकं काढतो, मोबाइलवरही वेळा मिळतात.

पाणी किती वेगाने येतं याचा अंदाज आपल्याला येत नाही, कारण आपण उंची ऐकतो आणि फसतो अंतरात. चार मीटरचा चढ धरा. पुळण पन्नासास एक अशी उतरती असेल, म्हणजे पन्नास मीटर चाललं की एक मीटर खाली, तर चार मीटर उंचीचं पाणी दोनशे मीटर आत येणार. तेही सारख्या चालीने नाही. सहा तासांपैकी पहिल्या आणि शेवटच्या तासात पाणी जेमतेम हलतं, मधल्या दोन तासांत निम्मी भरती येऊन जाते. म्हणजे त्या दोन तासांत तासाला एक मीटर चढ, तासाला पन्नास मीटर आत. ओहोटीच्या वेळी पाण्यापासून पन्नास मीटरवर गाडी फसली, पहिला तास 'येते रे, येते' म्हणण्यात गेला, दुसरा ट्रॅक्टर शोधण्यात. पुढचं सांगायला नको.

वाळूत उतरायचं ते पाणी ओसरत असताना, आणि ओहोटीची वेळ उलटून तासभर झाला की बाहेर. मधे मासा खात बसायचं असेल तर गाडी आधी वर आणा.

चालवताना

फोर बाय फोर आहे का, हे आधी नीट तपासा. नावात, आकारात, जाहिरातीत डोंगरदऱ्या असलेल्या बऱ्याच एसयूव्हीमध्ये दोनच चाकांना ताकद जाते. आणि फोर बाय फोर असली तरी दोन चाकांना ताकद वाटून देणारं साधं डिफरन्शियल त्याच चाकाला फिरू देतं ज्याला फिरायला सोपं. एक चाक सैल वाळूत आलं की ते एकटंच नाचतं, समोरचं घट्ट जागेवरचं चाक ढिम्म. डिफ-लॉक असेल तर दोघं बरोबर फिरतात, गुरखासारख्या गाडीत ते पुढे-मागे दोन्हीकडे मिळतं. काही गाड्या नाचणाऱ्या चाकाला ब्रेक लावून हेच काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करतात, तेही चालतं. फक्त स्थिरतेची जी प्रणाली चाक घसरताच इंजिनाची ताकद कापते, ती वाळूत बंद करावी. नाहीतर ऐन भरात गाडीच श्वास सोडते आणि आपल्याला वाटतं डिझेल संपलं.

फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाला), दुसऱ्या गियरला, हळू क्लच सोडत निघायचं आणि मग एकसारखी चाल ठेवायची. वेग फार नको, पण तुटूही द्यायचा नाही. गियर बदलताना क्षणभर ताकद तुटते आणि तेवढ्यात सैल वाळू गाडीला धरते, म्हणून पुढे मऊ पट्टा दिसला तर गियर आधीच खाली आणा. फार सैल असेल तर फोर-लो (वेग कमी, ओढ जास्त). थांबायचं असेल तर ब्रेक शक्यतो नकोच. पाय काढा, वाळूच थांबवते. ब्रेक दाबला की चारही चाकांपुढे बांध तयार होतो आणि निघताना तोच आडवा येतो. गाडी उभी करायची ती तोंड उताराकडे करून, आणि उतार समुद्राच्या बाजूला असेल तर वर, कचऱ्याच्या रेघेच्या वर. स्टिअरिंग वळवूनही गाडी पुढेच सरकत राहिली तर आणखी वळवू नका, आडवं झालेलं चाक फक्त ढकलत जातं. थोडं सरळ करा, मग पकड येते.

डांबरावर परत आल्यावर फोर-हाय काढायला विसरू नका. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. वाळूत तो फरक घसरून निघून जातो, डांबरावर तो गियरबॉक्सच्या पोटात साठतो.

रुतलीच तर

पहिला नियम पारावरच्या सल्ल्याच्या उलट. रेस देऊ नका. "जोर नको लाऊ भाऊ, गाडी आजून रुती जाई," असं म्हणणारा एखादा म्हातारा काठावर असतोच, त्याचं ऐका. चाक जागेवर एकदा फिरलं की दोन-तीन बोटं वाळू उपसतं. पाच-सहा वेळा फिरलं की गाडीचं पोट वाळूवर टेकतं, मग चाकांवर भारच उरत नाही आणि ती अधांतरी फिरत राहतात. तिथून पुढे कितीही हॉर्सपॉवर असो, उपयोग शून्य.

उतरा, सगळ्यांना उतरवा. पोट टेकलंय का ते वाकून बघा. चारही टायरची हवा आणखी तीन-चार पीएसआय उतरवा. चाकांपुढची आणि मागची वाळू फावड्याने उतार करून काढा, पोटाखालचीही. मग आधी मागे यायचा प्रयत्न करा, पुढे नाही. आलेली चाकोरी आपल्याच चाकांनी दाबून ठेवलेली असते, ती नव्या वाळूपेक्षा घट्टच. दहापैकी सात-आठ गाड्या एवढ्यावर निघायला हव्यात, अशी माझी समजूत.

नाहीच निघाली तर चाकाखाली काहीतरी सरकवायचं. पट्ट्या असतील तर उत्तम. गोणपाट चालतं, पण ते चाकातून गोळीसारखं मागे फेकलं जातं, मागे कोणी उभं नको. आपल्याकडे पळसाच्या फांद्या, कापसाच्या पऱ्हाट्या टाकायची पद्धत आहे. फांद्या ठीक. पऱ्हाटी मात्र विळ्याने तिरकी कापलेली असते, तिचं टोक भाल्यासारखं, आणि हवा कमी केलेल्या टायरची फुगलेली बाजू तिला आयतीच मिळते. जॅक लावायचा तर खाली रुंद फळी हवी, नाहीतर गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली जातो.

टोचन लावताना सगळ्यात जास्त माणसं जखमी होतात, तेव्हा इथे जरा सावकाश. तारेचा दोर, साखळी किंवा जुना पट्टा ताणला गेला की त्यात ताकद साठते. तुटला किंवा हूक निसटला तर तो चाबकासारखा फिरतो, आणि हाड मोडायला एक फटका पुरतो. दोर बंपरला, स्टिअरिंगच्या रॉडला, ट्रॉली ओढायच्या गोळ्याला कधीही बांधू नका. चासीला पक्के जोडलेले ओढण्याचे हूक असतील तेच वापरा. बंपरमध्ये स्क्रूने बसवायचा जो छोटा हूक कंपनी देते, तो बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर नेण्यासाठी आहे, रुतलेली हिसक्याने उपटण्यासाठी नव्हे. दोराच्या मध्यावर ओलं गोणपाट किंवा जाड सतरंजी टाका, तुटला तरी खाली पडतो. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब हाकला. मोबाइल काढून जवळ येणारा हमखास असतो, त्याला नाव घेऊन हाकला. आणि ओढ सरळ रेषेत हवी.

किनाऱ्यावरचा ट्रॅक्टरवाला जेवढे पैसे मागेल तेवढे द्या. भरती येत असताना घासाघीस करणाऱ्याची मला गंमत वाटते.

परत आल्यावर

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. खारट ओली वाळू चासीच्या पोकळ्यांत, ब्रेकच्या मागच्या पत्र्यात, वायरिंगच्या सॉकेटमध्ये जाऊन बसते आणि गाडी घरी कोरड्या हवेत उभी असली तरी आत ओल धरून गंज चढवत राहते. म्हणून घरी आल्यावर धुऊ, हे चालत नाही. त्याच संध्याकाळी, जिथे मुक्काम असेल तिथे, गोड्या पाण्याने खालून धुवा: चासीच्या भोकांत पाइप घालून, चाकाच्या कमानी आतून, रेडिएटरची जाळी समोरून हलक्या हाताने. वरचा रंग नंतर धुतला तरी चालतो. धुतल्यावर थोडं चालवून चार-पाच वेळा ब्रेक दाबा म्हणजे डिस्क कोरड्या होतात. ब्रेक लावताना किर्र आवाज येत राहिला तर एखादा खडा आत अडकला आहे, चाक उघडून तो काढावा लागेल.

आणि धुळ्या-जळगावला आल्यावर गॅरेजवाल्याला नुसतं 'सर्व्हिसिंग कर' म्हणू नका, गाडी समुद्राच्या पाण्यात गेली होती असं स्पष्ट सांगा. मग तो प्रोपेलर शाफ्टच्या जोडांत नवं ग्रीस भरेल, डिफरन्शियलच्या तेलात पाणी शिरून ते दुधी झालंय का ते बघेल, आणि बॅटरीची अर्थिंगची वायर सोडून तिचं तोंड साफ करेल. न सांगता यातलं काही तो बघणार नाही, कारण त्याच्याकडे रोज येणाऱ्या गाड्यांना मिठाचा आजार होत नाही.